फणसाकडे उतरा

कुडाळ सोडून गाडी आत वळली की आमच्या वाडीपर्यंत रस्ता तसा बरा आहे. डांबर आहे, पावसाळ्यानंतर खड्डे बुजवतात, एसटी येते. खरा प्रश्न शेवटच्या अर्ध्या किलोमीटरचा. सड्यावरून घराकडे उतरणारी ती वाट जांभ्याची. दोन्ही अंगांना गडगे, एका वेळी एकच गाडी जाईल एवढी रुंदी. आणि मध्यावर, काकीच्या फणसाच्या बरोबर खाली, वाटेत आडवा कातळ वर आलेला आहे. बसलेल्या गाईच्या पाठीसारखा. पुढची चाकं त्याच्यावरून जातात, मागचीही जातात. अडतं ते मधलं पोट.

माझी सेडान अकरा वर्षं या कातळावरून गेली आणि दरवेळी रिकामी गेली. बाबा पुढच्या सीटवर बसायचे. सड्यावरचं देऊळ मागे पडलं की त्यांचा हुकूम ठरलेला असायचा, ‘‘फणसाकडे सगळ्यांनी उतरा.’’ मग मुलगी, बायको, थर्मास, आईची पिशवी, आई, असं सगळं क्रमाने खाली. बाबा कातळापाशी गुडघ्यांवर हात टेकून ओणवे उभे राहायचे आणि गाडीच्या पोटाखाली बघत एका हाताने खुणा करायचे. डावीकडे घे. अजून. हां, आता सोड. माणसं उतरली की गाडी दोन बोटं वर उचलली जायची आणि तेवढ्या दोन बोटांत ती निघून जायची. डिकीत नारळाचं पोतं राहिलं असलं, तर खर्रर्र असा एक आवाज यायचा आणि तो माझ्या दातांत जाणवायचा. दरम्यान काकी पडवीतून ओरडायची, ‘‘इलास?’’ आणि आई जाऊन तिच्या बाकावर टेकायची.

ही दोन बोटं मी एकदा टेपने मोजली होती. चार माणसं आणि भरलेली डिकी असताना गाडीचं पोट जवळजवळ दोन इंच खाली येत होतं. माहितीपत्रकात ग्राउंड क्लिअरन्सचा जो आकडा छापतात तो बहुतेक रिकाम्या गाडीचा. शोरूममधली गाडी रिकामी असते, फोटोतली रिकामी असते. गावाला जाणारी कधीच नसते.

आता खरं सांगायचं तर वर्षातले साडेतीनशे दिवस माझी गाडी ठाण्यात चालते. घर, स्टेशन, बाजार, कधी नाशिकला लग्न. तिथे कातळ नाही. फार तर सोसायटीच्या फाटकातला गतिरोधक. म्हणजे शहाण्या माणसाने त्या साडेतीनशे दिवसांसाठी गाडी घ्यावी. पण मी ओळखतो त्यातल्या एकाही चाकरमान्याने तशी घेतलेली नाही. शोरूममध्ये उभं राहिल्यावर प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर स्वतःचा कातळ येतो. कुणाचा साकवाकडचा उतार असतो, कुणाचं बेड्यातलं वळण, तर कुणाची नुसती चिखलाची पाणंद. वर्षातून दोन-तीनदा, मे महिन्यात आणि चतुर्थीला गाठायच्या त्या शेवटच्या अर्ध्या किलोमीटरसाठी माणसं पाच-सात वर्षांचा हप्ता अंगावर घेतात. आणि वर म्हणतात, सेफ्टीसाठी घेतली.

सेडान बदलायचं निमित्त मात्र कातळ नव्हता. आईचे गुडघे होते.

सेडानमध्ये बसायचं म्हणजे तिला आधी गाडीकडे पाठ करावी लागे. एक हात छताच्या कडेला, एक दारावर, आणि मग हळूहळू खाली. शेवटचे चार इंच मात्र हळूहळू होत नसत. तिथे गुडघा हात टेकायचा आणि ती धप्पकन पडायची. उतरताना मी समोर उभा राहून दोन्ही हात द्यायचो, आणि एक, दोन, तीन. तिसऱ्याला ती उठायची किंवा हसायची. मामेभावाची मोठी उंच गाडी आहे, चेसिसवर उभी केलेली. तिच्यात तर चढायचंच असतं. पायरीवर एक पाय, वरच्या दांडीला हात, आणि मध्ये साडी. आई त्या गाडीला ‘माडी’ म्हणते.

मग आम्ही क्रॉसओव्हर बघायला गेलो. क्रॉसओव्हर म्हणजे काय हे मला तोवर नीट ठाऊक नव्हतं. जीपचा धाकटा भाऊ असावा असं वाटायचं. तसं नाही, ती मोटारच असते. बॉडी आणि सांगाडा एकसंध, इंजिन पुढे, ताकद बहुतेक पुढच्याच चाकांना. फक्त जरा उंच उभी राहिलेली आणि मागचं डिकीचं शेपूट कापलेली. स्कोडाची स्लाव्हिया ही सेडान आणि कुशाक ही क्रॉसओव्हर एकाच प्लॅटफॉर्मवर बांधलेल्या आहेत. दोन्हींच्या चाकांमधलं अंतर २६५१ मिलिमीटर, अगदी सारखं. जमिनीपासूनची उंची स्लाव्हियाची १७९, कुशाकची १८८. फरक नऊ मिलिमीटर. माझी करंगळीसुद्धा त्यापेक्षा जाड आहे. डिकी उलट सेडानचीच मोठी, ५२१ लिटर विरुद्ध ३८५. हे आकडे मी वहीत लिहून काढले आणि बायकोला दाखवले. म्हटलं, बघ, नऊ मिलिमीटरसाठी लोक वेडे झालेत. ती म्हणाली, ‘‘आईंना बसवून बघितलंस का दोन्हीत?’’

शोरूममधला मुलगा मला टचस्क्रीन दाखवत होता. पुढची चाकं किती वळलीत ते पडद्यावर कसं दिसतं वगैरे. मागे आई क्रॉसओव्हरचं दार उघडून बसली, उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. फर्निचरच्या दुकानात खुर्ची बघतात तशी तीनदा. तिथे सीट बरोबर तिच्या कमरेच्या जरा खाली येत होती. तिला खाली पडायचंही नव्हतं आणि वर चढायचंही नव्हतं. आडवं टेकायचं आणि पाय आत घ्यायचे, झालं. ‘‘ही बरी आसा,’’ ती म्हणाली. त्या मुलाला वाटलं टचस्क्रीन आवडली.

नऊ मिलिमीटरचं कोडं मला तेव्हा सुटलं. उंची मोजायची ती पोटाची नाही, सीटची. क्रॉसओव्हरमध्ये माणूस उंच आणि ताठ बसतो, म्हणून पाय पसरायला जागा कमी लागते, म्हणून चाकांमधलं अंतर तेवढंच असूनही मागे तिघं सुखाने मावतात. आणि सेडानचं नाक पुढे लांब असतं. खोल मोरीत उतरताना आधी टेकतं ते नाक, पोटाची पाळी नंतर. नाक आखूड असलं की नऊ मिलिमीटर पुरतात.

नाकाचा अनुभव ज्याला घ्यायचा असेल त्याने ओहोटीच्या वेळी फेरीबोटीवर सेडान चढवून बघावी. दाभोळ-धोपावे असो, जयगड-तवसाळ असो की बागमांडला-वेश्वी. भरतीला बोटीची फळी धक्क्यावर जवळजवळ सपाट पडते आणि गाडी चहाच्या कपासारखी आत सरकते. पाणी उतरलं की सगळं तिरकं होतं. धक्का ओला, शेवाळलेला, त्यावर लोखंडी फळीची कडा, आणि वर उभा राहून हात हलवणारा खलाशी. ‘‘येऊ दे, येऊ दे, येऊ दे... थांब!’’ हे थांब नेहमी आवाजाच्या नंतर येतं. धोपाव्याला माझ्या पुढच्या बंपरचा खालचा ओठ असाच राहिला. मागच्या गाडीतल्या गृहस्थांनी उतरून तो उचलून मला आणून दिला, एखाद्याची चप्पल द्यावी तसा.

आपल्याकडे गाडीची उंची कायद्यातही आहे, हे मला वही भरताना कळलं. जीएसटी आला तेव्हा मोठ्या गाड्यांवर २८ टक्क्यांच्या वर सेस होता. सप्टेंबर २०१७ पासून मधल्या गाड्यांना १७ टक्के, मोठ्या सेडानला २० आणि एसयूव्हीला २२. एसयूव्ही कुठली? तर लांबी चार मीटरच्या वर, इंजिन १५०० सीसीच्या वर आणि ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर किंवा जास्त. मग ही उंची माणसं बसवून मोजायची की रिकामी, यावर वाद. शेवटी जुलै २०२३ मध्ये जीएसटी परिषदेने सांगून टाकलं, रिकामी. बाबा असते तर त्यांनी हे फणसाखालून कळवलं असतं. आता २२ सप्टेंबर २०२५ पासून सेसची भानगडच गेली. चार मीटरच्या आतली आणि लहान इंजिनची असेल तर १८ टक्के, नाहीतर सरसकट ४०.

लहान इंजिन म्हणजे पेट्रोलचं १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं १५०० सीसीपर्यंत. चार मीटरची ही रेघ आपल्या अर्थसंकल्पात २००६ सालापासून आहे आणि आपल्या सेडानचा निम्मा घात तिनेच केला असं माझं मत आहे. सेडानला शेपूट असतं, आणि शेपटाला लांबी लागते. टाटांनी २००८ मध्ये इंडिगोचं शेपूट कापून सीएस आणली. मारुतीची डिझायर २००८ मध्ये ४१६० मिलिमीटर होती, तिलाही २०१२ मध्ये कापून ३९९५ वर आणलं. बुटक्या शेपटाची सेडान दिसायला कशी दिसते हे मी सांगत नाही, ज्यांच्याकडे आहे ते चिडतात. क्रॉसओव्हरला मुळात शेपूटच नाही, त्यामुळे चार मीटरमध्ये तिची कुचंबणा होत नाही. रेनॉची डस्टर २०१२ मध्ये आली, पुढच्या वर्षी फोर्डची इकोस्पोर्ट, मग २०१५ मध्ये ह्युंदाईची क्रेटा, २०१६ मध्ये ब्रेझा, २०१७ मध्ये नेक्सॉन. त्यानंतर आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक नवी सेडान आलेली मला आठवत नाही. मारुतीची सियाझ, ५१० लिटरच्या डिकीची आणि मागे पाय पसरून बसायच्या जागेची, २०२५ मध्ये बंदही झाली.

पण हे कराचं कारण आपल्यापुरतं. अमेरिकेत चार मीटरची भानगड नाही, कातळ नाही, धोपाव्याची फेरी नाही. तिथली कॅमरी म्हणजे जवळजवळ पाच मीटरची ऐसपैस गाडी, वर्षानुवर्षं घराघरातली. तरी २०१७ साली तिथे टोयोटाचीच रॅव्ह-फोर ही क्रॉसओव्हर कॅमरीच्या पुढे गेली आणि पुढच्याच वर्षी फोर्डने उत्तर अमेरिकेत सेडान बंद करत असल्याचं जाहीर करून टाकलं. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्यानेही कॅमरी विकून रॅव्ह-फोर घेतली. फोनवर मी विचारलं, तुला रे कसला दगड आडवा आला? तो म्हणाला, ‘‘मामा, बाळाची सीट. रोज चार वेळा वाकून बाळाला आत ठेवायचं, पट्टे लावायचे. माझी कंबर गेली.’’ म्हणजे तिकडे नातू कमरेएवढ्या उंचीवर हवा, इकडे आजी.

आता सेडानच्या बाजूने. अकरा वर्षं जिने साथ दिली तिच्याबद्दल एवढं तरी लिहायलाच हवं.

सेडानची डिकी ही वेगळी खोली असते. गावाहून परतताना तिच्यात काय नसायचं? आमसुलं, उकडे तांदूळ, नारळ, सुके बांगडे, सोडे, आणि एक पिकायला आलेला फणस. झाकण लावलं की विषय संपला. ठाण्याला उघडायची आणि तोंड फिरवून सामान काढायचं. क्रॉसओव्हरला डिकी म्हणजे मागच्या सीटच्या पाठीमागचा कोनाडा, वर पातळ पडदा. पहिल्याच परतीला पेणपर्यंत येईतो सोड्यांचा आणि बांगड्यांचा वास असा एकजीव झाला, की मुलीने काचा उघडल्या, आईने मिटवल्या, आणि दोघी कळंबोलीपर्यंत एकमेकींशी बोलल्या नाहीत. मात्र आंब्याची लाकडी पेटी सेडानच्या डिकीत कधी सरळ गेली नाही. आत जागा भरपूर, पण तोंड लहान. पेटी तिरकी करायची, मग आतला पेंढा सांडायचा, मग आंबे हलले म्हणून आईची बोलणी. क्रॉसओव्हरचं मागचं दार छतापर्यंत उघडतं. पेटी आडवी, पेटी उभी, कशीही. लिटरचे आकडे बघून डिकी घेऊ नये, पेटी घेऊन जावं. शोरूमवाल्यांना विचित्र वाटेल, वाटू दे.

दुसरं म्हणजे गाडी लागणं. आमच्या घरात दोघींना गाडी लागते, आणि ती लागते कशेडीत. आता बोगद्यामुळे कशेडी घाट बराचसा टळतो, पण चिपळूणहून कुंभार्ली चढून कराडला जायचं असेल तर सुटका नाही. सेडान जमिनीला चिकटून वळते. उंच गाडी वळणावर बाहेर कलते, मग सरळ होते, मग दुसऱ्या बाजूला कलते. चालवणाऱ्याला काही नाही, त्याला स्टिअरिंग धरायला असतं. मागे बसणाऱ्याचं पोट प्रत्येक वळणाला एकदा इकडे आणि एकदा तिकडे जातं. नवी गाडी घेतल्यापासून लिंबू, आल्याच्या वड्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या हे सामान वाढलं आहे. गाडी घेताना मुलीला बरोबर नेऊन चार वळणं घ्यायला हवी होती. शोरूमच्या आसपास सगळे रस्ते सरळ होते.

आणि उंच गाडीने माणसाला एक खोटा धीर येतो. वर बसल्यामुळे रस्ता लांबवर दिसतो, करवंदीच्या जाळीपलीकडून येणारी एसटी आधी कळते, हे खरं. पण त्यामुळेच मोरीवरून पाणी वाहत असलं तरी पाय ब्रेककडे जात नाही. पोट किती वर आहे याचा आणि इंजिन हवा कुठून ओढतं याचा काही संबंध नसतो. त्या नळीत पाणी शिरलं की इंजिन बसलं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठी शिरली तेव्हा सेडान आणि क्रॉसओव्हर सारख्याच बुडाल्या. पुळणीत गाडी घालणारे पर्यटक तर दर सुट्टीत असतातच. नावात एसयूव्ही, आणि फिरतात दोनच चाकं. भरती येते, चाकं रुततात, मग गावातला ट्रॅक्टर येतो. ट्रॅक्टरवाला भाव करत नाही. समुद्राकडे बघतो आणि आकडा सांगतो.

सनरूफबद्दल मी लिहिणार नव्हतो, पण राहवत नाही. मुलीच्या हट्टाने घेतलं. गावी गाडी आंब्याखाली उभी असते आणि आंब्यावर माकडं असतात. एवढंच.

सेडान विकली तेव्हा घेणारा मेकॅनिकला घेऊन आला. मेकॅनिकने गाडी वर उचलली आणि खाली शिरला. बाहेर येऊन त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘‘गाव कोकणात काय हो तुमचं?’’ पोटाखालच्या पत्र्यावर मधोमध लाल जांभ्याची रेघ होती, बोटभर रुंद, लांबलचक, एकावर एक घासलेली. किंमत पाच हजारांनी कमी झाली.

यंदा चतुर्थीला आम्ही पहिल्यांदा नवी गाडी घेऊन गेलो. डिकीत माटवीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या चौकटीचं, सामान, मागे तिघी, पुढची सीट रिकामी. बाबांच्या जागेवर पूजेची टोपली ठेवली होती. देऊळ मागे पडलं तेव्हा मी उगाच वेग कमी केला आणि लगेच वाढवला. आज कुणी उतरायचं नव्हतं. ज्यासाठी हप्ते भरतोय तो क्षण आला होता आणि मी मनातल्या मनात जरासा छाती काढून बसलो होतो.

फणस दिसला आणि मागून आई म्हणाली, ‘‘थांबय रे.’’

‘‘कशाला? ही जाते वरून. सगळ्यांना घेऊन जाते.’’

‘‘जाता ता माका म्हायत आसा. मी उतरतंय.’’

मी थांबलो. तिने स्वतःच दार उघडलं, पाय बाहेर काढले आणि माझे हात न घेता उभी राहिली. काकी पडवीत उभीच होती, पदराला हात पुसत. ‘‘इलंस गो?’’ दोघी आत गेल्या. दार उघडंच राहिलं होतं. ते बायकोने वाकून लावलं आणि आम्ही कातळावरून गेलो. कसलाही आवाज झाला नाही. मुलगी मोबाईलमध्ये बघत होती, तिला कळलंही नाही.

खळ्यात गाडी लावून मी सामान उतरवलं, टोपली देवाच्या खोलीत ठेवली, पाणी भरलं. तासाभराने आई वाटेवरून येताना दिसली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात काकीने दिलेलं भलं मोठं तवसं. पाऊस पडून गेला होता आणि वाट निसरडी होती. कातळापाशी ती थांबली, काठीने त्याला एकदा चाचपलं, आणि गडग्याला हात लावत बाजूने खाली आली.